खर्ज कोण धरणार?

(वाचकांची पत्रं आणि त्यांना उत्तरं)

मागच्या अंकात मी आमच्या रविवारच्या वर्गाबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका जुन्या वाड्याच्या माडीवर सात ते पंधरा वर्षांची बावीस मुलं जमतात. फी नाही, परीक्षा नाही. इथे मी त्यांना बरोक संगीत शिकवते, म्हणजे साधारण १६०० ते १७५० या काळातलं युरोपचं संगीत. शाळेत तीस वर्षं गाणं आणि व्हायोलिन शिकवून निवृत्त झाले, त्यानंतर हे सुरू केलं. त्या चार ओळींवर इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांना उत्तर देता येणार नाही, काही निवडली आहेत.

बाई, माझा आठ वर्षांचा नातू तुमच्याकडे येतो. रविवारी घरी आला की झोपेपर्यंत ‘सां प ध ग, म सा म प’ एवढंच चालू असतं. ताटावर बसला तरी तेच. हे आहे तरी काय? आणि रागावू नका, पण आपलंच संगीत पोरांना धड येत नाही, तिथे हे परक्यांचं कशाला?
— एक आजी, दांडिया बाजार

आजी, रागवायचं कशाला? हा प्रश्न मला घरातूनही विचारला गेला आहे.

आधी त्या आठ सुरांबद्दल. योहान पाखेलबेल (१६५३–१७०६) नावाचे जर्मन संगीतकार होते, चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे. त्यांची ‘कॅनन’ नावाची रचना आहे. तिच्या तळाशी हे आठ सूर असतात. ते संपले की पुन्हा तेच, पुन्हा तेच, असे २८ वेळा. एका सुराचाही बदल नाही. त्यांच्यावर तीन व्हायोलिनं एकच चाल वाजवतात, पण एकदम नाही. पहिलं निघालं, आठ मात्रा झाल्या की दुसरं निघतं, आणखी आठ मात्रांनी तिसरं. चाल एकच, पण तिघं तीन वेगवेगळ्या जागी. तरी कुठे टक्कर नाही, कारण खालचे आठ सूर सगळ्यांना धरून असतात. तबल्याच्या एकल वादनाला पेटीवर किंवा सारंगीवर लहरा, म्हणजे एकच छोटी धून पुन्हा पुन्हा, धरतात ना, तसंच. तबलजी कितीही लांब गेला तरी लहरेवाला जागचा हलत नाही. तुमचा नातू आमच्याकडे खर्ज, म्हणजे हे तळाचे आठ सूर, धरणाऱ्यांच्या गटात आहे. घरी तो त्याचं काम करतोय. ताटावर नको हे मी त्याला सांगेन, पण बाकी वेळी अडवू नका.

आता परकेपणाबद्दल. मुलांना मी पहिल्या दिवशी नकाशा दाखवत नाही, सनावळी दाखवते. व्हेनिसमध्ये संगीतकार विवाल्डी जन्मले १६७८ साली, तेव्हा शिवाजी महाराज हयात होते. बाख आणि हँडेल हे जर्मनीत जन्मलेले संगीतकार दोघंही १६८५चे, तेव्हा गादीवर संभाजी महाराज होते. विवाल्डींचे ‘चार ऋतू’, म्हणजे व्हायोलिनसाठीच्या चार रचना, छापून आले १७२५ मध्ये, थोरल्या बाजीरावांना पेशवाई मिळून पाच वर्षं झाली होती. इतिहासाच्या पुस्तकातली माणसं आणि ही माणसं एकाच वेळी जगत होती हे कळलं की मुलांचे डोळे बघण्यासारखे होतात. आणि बडोद्यात तरी हे सूर नवे नाहीत. सयाजीराव महाराजांनी १८८६ मध्ये गायक मौलाबक्षांच्या हाताखाली गायनशाळा काढली, तीच पुढे विद्यापीठाची संगीत विद्याशाखा झाली. संस्थानाचा बँडही होता. माझे वडील लहानपणी कमाटीबागेतल्या बँडस्टँडपाशी उभं राहून तो ऐकायचे आणि घरी येऊन तोंडाने वाजवून दाखवायचे. माझ्या हातात व्हायोलिन आलं ते त्या तोंडी बँडमुळे.

राहता राहिला आपल्या संगीताचा मुद्दा. आजी, आपलं गाणं अतिशय खोल आहे, पण ते एका वेळी एकाच सुराच्या मागे जातं. भजनी मंडळात पन्नास माणसं असली तरी पन्नासही जण तीच चाल म्हणतात. दोन निराळ्या चाली एकाच वेळी कानात ठेवायची सवय आपल्याकडे मुलांना कुठेच होत नाही. शेजारचा वेगळं म्हणतोय, ते ऐकायचं, त्याला चूक ठरवायचं नाही आणि आपलं सोडायचंही नाही, एवढंच मला शिकवायचं आहे. त्यासाठी बरोकइतकी चांगली शाळा मला सापडली नाही. आमचा तास मात्र बिलावल थाटाच्या अलंकारांनीच सुरू होतो आणि तंबोरा लावल्याशिवाय कुणी तोंड उघडत नाही.

मी एका मराठी शाळेत तबला शिकवतो. वर्गात चाळीस मुलं, एक पेटी, एक तबलाजोडी आणि माझा मोबाइल, एवढंच साहित्य. यात हे जमेल का? नेमकं काय करायचं ते सांगा.
— एक शिक्षक, इंदूर

सर, जमेल. तुमच्याकडे तबला आहे म्हणजे निम्मं काम झालं. जे मी करते ते सगळं सांगते, माझ्या चुकांसकट.

माझी पहिली चूक म्हणजे मी मुलांना आधी ऐकवायला बसले. चांगले स्पीकर मागून आणले, बाखचं चरित्र सांगितलं, मग वीस मिनिटांचं रेकॉर्डिंग लावलं. पाचव्या मिनिटाला मागची रांग खिडकीतून पतंग बघत होती. मुलांचा दोष नव्हता. जे संगीत आठ जणांनी मिळून उभं करायचं असतं, ते मी त्यांना हाताची घडी घालून ऐकायला सांगत होते. तेव्हापासून नियम केला: आधी गायचं, मग ऐकायचं.

पहिला तास. तुम्ही केरवा धरा, सावकाश. मुलांनी एका मात्रेला एक सूर म्हणायचा: सां, प, ध, ग, म, सा, म, प. आठ मात्रा, आठ सूर, बरोबर एक आवर्तन. पहिला सां तारसप्तकातला आणि सहावा सा मध्यातला, हे नीट घटवून घ्या. मुलं दोन्ही सा एकाच जागी लावतात आणि मग सगळी इमारत कलते. त्या दिवशी दुसरं काही करू नका. चाळीसच्या चाळीस मुलांना हे आठ सूर झोपेत विचारले तरी यायला हवेत.

पट्टीबद्दल एक सूचना. मूळ रचना आपल्या भाषेत पांढरी दोनमध्ये आहे. मी हट्टाने तीच धरली आणि वरच्या चालीतला तार गंधार मुलांना चढेना, नुसता आरडाओरडा झाला. आता काळी पाच धरते. लहान मुलांचा गळा त्यात आरामात बसतो. मोबाइलवर ऐकवताना तुम्हाला आणखी एक गंमत दिसेल. काही रेकॉर्डिंगं पांढरी दोनमध्ये वाजतात, तर काही काळी एकमध्ये. ही दुसरी जुन्या धर्तीच्या वाद्यांवरची. त्या काळच्या संगीतासाठी आजचे कलाकार बहुधा अर्धा सूर खाली मेळ लावतात, कंपनांच्या हिशेबात ४४०च्या जागी ४१५. तिकडच्या विद्यार्थ्यांना हे समजावून सांगावं लागतं. आपल्या मुलांना त्यात काहीच अवघड वाटत नाही, सा हलतो हे त्यांना जन्मापासून ठाऊक असतं.

दुसरा तास. वर्गाचे दोन भाग करा. अर्धी मुलं खर्जाचे आठ सूर म्हणतील, अर्धी वरची ओळ: गं रें सां नि, ध प ध नि. दोन्ही गट पाठ झाले की अदलाबदल. प्रत्येक मुलाने खर्ज धरलाच पाहिजे, ‘वरची चाल हुशारांची आणि खालची बाकीच्यांची’ असं एकदा रुजलं की वर्ग बिघडला.

तिसऱ्या-चौथ्या तासाला तीन भाग करा. पहिला भाग खर्जाचा. दुसरा भाग गं रें सां नि, ध प ध नि म्हणेल आणि न थांबता पुढच्या ओळीवर जाईल: सां नि ध प, म ग म रे. तो पुढच्या ओळीवर गेला की त्याच क्षणी तिसरा भाग पहिल्या ओळीने निघेल. आता एक गट सां नि ध प म्हणतोय आणि त्याच मात्रांवर दुसरा गं रें सां नि. गंधारावर षड्ज, ऋषभावर निषाद, अशा जोड्या पडत जातात. पहिल्यांदा ते जमतं तेव्हा खोलीतली हवा बदलते. मी इतकी वर्षं शिकवतेय, अजून माझ्या अंगावर काटा येतो.

मोडणार कुठे तेही सांगते. तिसरा गट हमखास दुसऱ्याच्या मागे वाहून जातो. मग मुलं कानात बोटं घालतात. ते मात्र अजिबात चालू देऊ नका. दुसऱ्याचं ऐकू न येण्याची सोय करून घेतली तर मग शिकलो काय? मी त्यांना समोरासमोर बसवते आणि एकमेकांच्या तोंडाकडे बघत म्हणायला लावते. दिवाळीच्या आधीच्या एका रविवारी सगळं असंच कोसळलं होतं. दोन्ही वरचे गट भरकटले, मी पेटी थांबवणार एवढ्यात माझं लक्ष आमच्या सर्वांत धाकट्या मुलीकडे गेलं. सात वर्षांची, खर्जाच्या गटातली. डोळे मिटलेले, उजव्या हाताने प्रत्येक मात्रेला गुडघा दाबत होती आणि ओठांवर म, सा, म, प. तिच्या गटातली बाकीची मुलंही गप्प झाली होती. ती एकटी दोन आवर्तनं चालत राहिली. तिच्या सां वर आधी तिचा गट परत आला, मग एक-एक करत सगळे. मी काहीच केलं नाही.

एवढं झालं की मोबाइल काढा. आता त्यांना मूळ रचना ऐकवा आणि एवढंच सांगा: खर्ज कुठे आहे तो शोधा आणि त्याच्याबरोबर मात्रा मोजा. माझ्याकडची मुलं सव्वापाच मिनिटं हलली नाहीत.

आणि तुमच्या पेटीवाल्यांना एक गोष्ट आवर्जून सांगा. बरोक काळात संगीतकार पुष्कळदा वाद्यमेळातल्या कळफलकवाल्याला फक्त खालची ओळ लिहून देत, वर काही आकडे. त्या आकड्यांवरून वाजवणाऱ्याने मधले सूर तिथल्या तिथे आपल्या मनाने भरायचे. म्हणजे आपला पेटीवाला गायकामागे जी समज लावतो, तीच. सगळं कागदावर छापलेलं असतं आणि पाश्चात्त्य वादक ते नुसतं वाचून दाखवतो, हा समज निदान या काळापुरता सोडून द्यायला हवा.

मी नववीत आहे. चार वर्षं बसून, आपल्या पद्धतीने व्हायोलिन शिकते. मला विवाल्डी वाजवायचा आहे. पण आमचे सर म्हणतात, हात बिघडेल. खरं का?
— एक विद्यार्थिनी, ग्वाल्हेर

बाळ, सरांची काळजी खोटी नाही. कशाने बिघडतं ते नीट समजून घे.

आपल्याकडे तारा बहुधा सा-प-सा-प अशा लावतात. मधल्या दोन तारांमध्ये मध्यमाचं अंतर पडतं. तिकडे चारही तारांमध्ये पंचमाचंच अंतर असतं. म्हणजे वरच्या तारांवर तुझी बोटं ज्या सवयीने पडतात, ती तिथे चुकीच्या सुरावर पडतील. दुसरं, तू बसून, व्हायोलिनची मान पायावर टेकवून वाजवतेस, त्यामुळे डावा हात मोकळा राहतो आणि मींड काढता येते. उभं राहून वाजवताना तो हात वाद्याला सांभाळण्यातही गुंततो. एकाच वाद्याच्या तारा रोज चढवू-उतरवू नकोस, त्या टिकत नाहीत आणि कानही गोंधळतो. आमच्या वर्गात त्यासाठी एक जुनं व्हायोलिन कायम पाश्चात्त्य मेळात लावून ठेवलं आहे. तसं दुसरं मिळालं तर बघ. आठवड्यातले दोन दिवस ते, बाकी दिवस आपलं. रियाझाच्या एकाच बैठकीत दोन्ही नको.

पण एक गोष्ट सरांनाही वाचून दाखव. आज व्हायोलिनला हनुवटी टेकवायला जी लाकडी वाटी असते, ती बरोक काळात नव्हतीच, ती १८२०च्या सुमाराला आली. तेव्हाचे वादक वाद्य गळपट्टीच्या हाडावर, कधी त्याहूनही खाली छातीशी धरत. त्या काळचं एक वाद्य होतं, व्हिओला दामोरे. त्याच्या मुख्य तारांखाली आणखी तारा असत, ज्या वाजवायच्या नाहीत, आपोआप झंकारतात. सारंगीच्या तरफा! विवाल्डींनी या वाद्यासाठीही रचना केल्या आहेत.

आणि त्यांनी यातलं पुष्कळसं कुणासाठी लिहिलं? व्हेनिसमध्ये ‘पिएता’ नावाचं अनाथाश्रमासारखं घर होतं, टाकून दिलेल्या बाळांसाठीचं. १७०३ मध्ये विवाल्डी तिथे व्हायोलिनचे मास्तर म्हणून लागले. तिथल्या मुलींना ते शिकवत आणि त्यांच्यासाठी रचना करत. त्या मुली उंच सज्जात जाळीच्या आड बसून वाजवत. लांबलांबचे प्रवासी त्यांना ऐकायला येत, पण चेहरे कुणाला दिसत नसत. तुझ्यापुढे कुठलीही जाळी नाही, हे लक्षात ठेव. सुरुवात ‘चार ऋतूं’मधल्या ‘वसंता’च्या दुसऱ्या भागाने कर, तो संथ आहे. त्यात एक गुराखी झोपलाय आणि व्हिओला, म्हणजे व्हायोलिनची थोडी मोठी, जाड आवाजाची बहीण, त्याच्या कुत्र्यासारखी भुंकते: दोन ठाशीव स्वर, थांबा, पुन्हा दोन. तेवढं भुंकणं तुला आजच येईल.

मुलाला दहा मिनिटांत कंटाळा येतो. काय ऐकवू? आणि या संगीताने गणित सुधारतं म्हणतात, ते कितपत खरं?
— एक पालक, मांजलपूर

दहा मिनिटं पुष्कळ झाली हो! तीन मिनिटांपासून सुरू करा. बाखच्या दुसऱ्या सूटमधली (सूट म्हणजे नाचांच्या चालींची माळ) शेवटची ‘बादिनेरी’, बासरीची, दीड मिनिटाच्या आसपास. मग पहिल्या चेलो सूटचा प्रारंभ; चेलो म्हणजे व्हायोलिनच्या घराण्यातलं मोठं, खर्जाचं वाद्य. पियानो शिकणाऱ्या प्रत्येक मुलाला येतो तो जी मेजरमधला मिन्युएट घ्या. तो बाखच्या बायकोच्या वहीत, १७२५ च्या, सापडला म्हणून वर्षानुवर्षं बाखच्या नावावर चालला, प्रत्यक्षात तो क्रिस्तियान पेट्झोल्ड यांचा. तीन-तीन मात्रांचा नाच आहे, दादऱ्याच्या टाळ्या देऊन बघा, अशा दोन तुकड्यांत एक आवर्तन बसतं. मेच्या दुपारी विवाल्डींचा ‘उन्हाळा’ लावा. त्यात उकाड्याने हैराण झालेला माणूस आहे, घोंगावणाऱ्या माश्या आहेत आणि शेवटी गारपीट. बडोद्याच्या उन्हाळ्यात मुलांना ते समजावून सांगावं लागत नाही.

गणिताचं म्हणाल तर तो सगळा बोलबाला १९९३ च्या एका प्रयोगावरून झाला. त्यात कॉलेजचे ३६ विद्यार्थी होते, लहान मुलं नव्हती, संगीत मोझार्टचं होतं आणि जो काही फरक दिसला तो दहा-पंधरा मिनिटांत ओसरला. मोझार्ट तर बाख गेल्यानंतर सहा वर्षांनी जन्मले. गणितासाठी गणित करू द्या. गाणं गाण्यासाठी शिकू द्या.

बाखचं संगीत चर्चचं. आमच्या मुलांकडून नकळत परधर्माच्या प्रार्थना म्हणून घेतल्या जातात का?
— एक पालक, रावपुरा

सरळ विचारलंत, सरळ उत्तर देते. बाखच्या रचनांपैकी फार मोठा भाग चर्चसाठीच लिहिलेला आहे, ते लपवायचं कारण नाही. लाइपत्सिगला ते १७२३ पासून मृत्यूपर्यंत होते आणि तिथल्या मुलांच्या गायनवृंदासाठी, रविवारच्या उपासनेसाठी त्यांनी ढीगभर लिहिलं. बऱ्याच हस्तलिखितांच्या शेवटी ‘केवळ देवाच्या गौरवासाठी’ या अर्थाची तीन अक्षरंही ते घालत. आमच्या वर्गात शब्दांच्या रचना आम्ही गात नाही, सरगमने गातो किंवा वाद्यांच्या रचना घेतो. शब्द असलेलं काही ऐकवलं तर त्याचा अर्थ आधी मराठीत सांगते. कुणाला त्या वेळी बाहेर बसायचं असेल तर सज्जा मोकळा आहे. आजवर कुणी उठलं नाही, पण उठलं तरी मला वाईट वाटणार नाही.

एक मात्र सांगावंसं वाटतं. बाख या उपासनेच्या रचना ज्या चालींवर उभ्या करत, त्या गावातल्या प्रत्येक माणसाला पाठ असत. साधी, चार ओळींची, सगळ्यांनी मिळून म्हणायची गाणी. त्यांच्याभोवती ते बाकीचे आवाज गुंफत, आणि कितीही गुंतागुंत झाली तरी ऐकणाऱ्याला मधून आपली ओळखीची चाल ऐकू येई. कीर्तनकार दीड तास निरूपण करतो आणि पुन्हा त्याच अभंगाच्या धृपदावर येतो, तेव्हा सभेतली म्हातारी माणसं कशी मान डोलावतात! तसंच ते असणार असं मला वाटतं. १९७७ मध्ये ‘व्हॉयेजर’ यानांबरोबर अंतराळात जी सोनेरी तबकडी पाठवली, तिच्यात बाखच्या तीन रचना आहेत आणि आपल्या केसरबाई केरकरांची भैरवी ‘जात कहाँ हो’ही आहे. हे मुलांना सांगितलं तेव्हा एका मुलाने विचारलं, “बाई, मग ती दोघं तिथे शेजारी आहेत?” मी हो म्हटलं.

बाखला वीस मुलं होती हे खरं आहे का? मग तो त्यांना शिकवायचा कधी? मी दहा वर्षांचा आहे.
— इयत्ता पाचवी, वाडी

खरं आहे. वीस झाली, पण मोठी झाली ती दहाच. त्या काळी बाळं फार जायची. आणि शिकवायचे ते घरातच. थोरला मुलगा विल्हेल्म फ्रीडेमान तुझ्यापेक्षा थोडा लहान, नऊ वर्षांचा होता, तेव्हा १७२० मध्ये त्यांनी त्याच्यासाठी एक वही सुरू केली. सुरुवातीलाच स्वर कसे वाचायचे ते आणि मग सुरांच्या नक्षीचा तक्ता, कण कुठे, मुरकीसारखा खेळ कुठे. त्याच वहीत त्यांनी दोन आवाजांचे छोटे पाठ लिहिले. उजवा हात काहीतरी म्हणतो, डावा तेच मागून म्हणतो. पुढे तेच पाठ ‘इन्व्हेन्शन्स’ म्हणून जगभर गेले, आहेत पंधरा. म्हणजे आज ज्या रचना मोठमोठे पियानोवादक वाजवतात, त्या एका बाबाने आपल्या मुलाचा गृहपाठ म्हणून लिहिल्या होत्या.

आणखी एक सांगते. बाख वीस वर्षांचे असताना बुक्स्टेहुडे नावाच्या म्हाताऱ्या ऑर्गनवादकाला ऐकायला आर्नस्टाटहून ल्यूबेकला गेले, सुमारे चारशे किलोमीटर, पायी! आपली आळंदी ते पंढरपूर वारी त्याहून बरीच कमी भरते. रजा चार आठवड्यांची होती, राहिले जवळजवळ चार महिने. परत आल्यावर बोलणी खाल्ली. तू वाडीतून दांडिया बाजारात चालत ये, आईला विचारून.

बाई, बँकेतून निवृत्त झालो. वय सहासष्ट. लहानपणी शाळेत गाण्याच्या तासाला ‘तुझा आवाज जाड आहे, तू नुसते ओठ हलव’ असं मला सांगितलं होतं. त्यानंतर मी कधी गायलो नाही. तुमचा वर्ग मुलांचा आहे हे माहीत आहे. मागे बसून ऐकलं तर चालेल का?
— एक वाचक, अलकापुरी

नाही. मागे बसून ऐकायचं नाही. पुढे बसून खर्ज धरायचा.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. सहासष्ट वर्षांच्या माणसाला दहाव्या वर्षीचं ते वाक्य शब्दशः आठवावं! मीही तीस वर्षं शाळेत शिकवलं. त्या वर्षांत मी कुणाला असं बोलले नसेन अशी खात्री देता आली असती तर बरं झालं असतं. ‘जाड आवाज’ हा दोष नाही, तो या संगीताचा पाया आहे. बरोकच्या वाद्यमेळात व्हायोलिनं कमी-जास्त झाली तरी चालतात, पण चेलो, बासून किंवा तसलं काही खाली नसेल तर सगळं अधांतरी लोंबतं. माझ्याकडे बावीस मुलं आहेत आणि बावीसही गळे वरचे. ती खर्ज धरतात, पण तो खर्ज त्यांच्या सप्तकातला. खरा, पोटातून येणारा, मंद्राचा सा आमच्या माडीवर अजून कुणी लावलेलाच नाही. मी स्वतः पेटीच्या डाव्या टोकाच्या पट्ट्यांवर भागवते.

रविवारी साडेचारला या. जिना अरुंद आणि चढा आहे, वर दोराची साखळी टांगली आहे, ती धरून चढा. जमिनीवर बसवत नसेल तर एक खुर्ची आहे. तंबोऱ्यात तुमचा सा मिळाला नाही तर पट्टी बदलू, काळी पाच काही देवाने दिलेली नाही. पहिल्या दिवशी तुम्हाला फक्त आठ सूर लागतील. आमची सात वर्षांची धाकटी तुमच्या शेजारी बसेल, तिला ते पाठ आहेत. ती उजव्या हाताने गुडघा दाबेल, तिच्याकडे बघून तुम्हीही दाबा.